निस्ट केमिस्ट्री वेबबुक : निर्मिती-एन्थाल्पीचा आकडा कोठून आला, हे सांगणारे संकेतस्थळ

निर्मिती-एन्थाल्पी म्हणजे एक मोल पदार्थ त्याच्या मूलद्रव्यांपासून तयार होताना होणारा उष्णतेचा बदल; आकडा उणे असेल, तर उष्णता बाहेर पडते. अशा निर्मिती-एन्थाल्पींवरून अभिक्रियेची उष्णता काढण्याचे उदाहरण बारावीच्या विद्यार्थ्यांना सोपे वाटते, कारण त्याचे सूत्र एका ओळीत मावते. उत्पादितांच्या निर्मिती-एन्थाल्पींची बेरीज करायची, तीतून अभिक्रियाकारकांची बेरीज वजा करायची, आणि प्रत्येक पदार्थाचा आकडा समीकरणातील त्याच्या सहगुणकाने गुणायला विसरायचे नाही, एवढेच ते सूत्र आहे. हा भाग कनिष्ठ महाविद्यालयात अनेक वर्षे शिकवताना माझ्या असे लक्षात आले आहे, की विद्यार्थ्यांची चूक सूत्रात क्वचित होते आणि आकडा उचलताना वारंवार होते. पदार्थाची अवस्था चुकते, चिन्ह चुकते, किंवा दोन वेगवेगळ्या तक्त्यांतील आकडे एकाच बेरजेत मिसळले जातात. म्हणून आकडे जेथून घ्यायचे ती जागाच नीट पारखून घ्यावी, असे मला वाटले. गेली काही वर्षे मी वर्गासाठी आणि स्वतःच्या अभ्यासासाठी निस्ट केमिस्ट्री वेबबुक हे संकेतस्थळ नियमित वापरते, आणि तेथील आकड्यांवर सोडवलेली उदाहरणे समोर ठेवूनच त्याचे हे परीक्षण लिहीत आहे.

निस्ट म्हणजे अमेरिकेची नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ स्टँडर्ड्स अँड टेक्नॉलॉजी. १९०१ साली नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्स या नावाने स्थापन झालेली आणि १९८८ पासून सध्याच्या नावाने ओळखली जाणारी ही सरकारी संस्था मोजमापांच्या अचूकतेची जबाबदारी सांभाळते. वेबबुक हा तिचा ६९ क्रमांकाचा मानक संदर्भसंग्रह असून तो १९९६ पासून सर्वांसाठी खुला आहे. त्यासाठी पैसे द्यावे लागत नाहीत आणि खातेही उघडावे लागत नाही. पदार्थाचे इंग्रजी नाव, रासायनिक सूत्र किंवा नोंदणी क्रमांक दिला, की त्या पदार्थाचे पान उघडते. एकके ज्यूलमध्ये हवीत की कॅलरीमध्ये, हे शोध घेतानाच निवडता येते. जुन्या पुस्तकांतील किलोकॅलरीचे आकडे ताडून पाहणाऱ्याला ही सोय फार उपयोगी पडते, कारण ४.१८४ ने गुणताना होणाऱ्या चुका त्यामुळे टळतात. वर्णपटांपासून उत्कलनबिंदूंपर्यंत पुष्कळ माहिती तेथे आहे. येथे मात्र मी केवळ ऊष्मारसायनाच्या विभागाबद्दल लिहिणार आहे.

या विभागाचा मला सर्वांत मोलाचा वाटणारा गुण अगदी साध्या मांडणीत आहे. वायुरूप पदार्थाची माहिती एका शीर्षकाखाली आणि द्रव किंवा स्थायुरूप पदार्थाची दुसऱ्या शीर्षकाखाली दिलेली असते, त्यामुळे अवस्था न ठरवता आकडा उचलताच येत नाही. याचे महत्त्व मला एका अनुभवातून पटले. बाजारात मिळणाऱ्या एका गाइडमध्ये मिथेनच्या ज्वलनाचे उदाहरण होते. त्यातील समीकरणात पाणी द्रवरूप दाखवले होते, पण सोडवताना आकडा मात्र वाफेचा घेतला होता. द्रव पाण्याची प्रमाण निर्मिती-एन्थाल्पी मोलमागे −२८५.८३ किलोज्यूल आणि वाफेची −२४१.८३ किलोज्यूल आहे. या दोहोंतील ४४ किलोज्यूलचा फरक म्हणजे २५ अंश सेल्सिअसला एक मोल पाण्याची वाफ करण्यासाठी लागणारी उष्णता होय. मिथेनच्या एका मोलामागे पाण्याचे दोन मोल तयार होतात, म्हणून त्या गाइडचे उत्तर −८०२.३ आले होते आणि वर्गातील ज्यांनी स्वतः विचार करून आकडा घेतला होता त्यांचे −८९०.३ आले होते. छापील उत्तरावर विश्वास ठेवून बरोबर आलेले उत्तर खोडणारी मुले मी त्या दिवशी पाहिली, आणि त्याचे मला मनापासून वाईट वाटले. त्याच तासाला पडद्यावर पाण्याचे पान उघडून दोन्ही आकडे दोन वेगळ्या शीर्षकांखाली दाखवल्यावर वाद मिटला. त्याहून महत्त्वाचे म्हणजे ४४ हा फरक कशाचा आहे, हा प्रश्न मुलांनी आपणहून विचारला.

दुसरा गुण असा, की येथे एका पदार्थासमोर बहुधा एकच आकडा नसतो. मिथेनच्या पानावर निर्मिती-एन्थाल्पीचे −७४.८७, −७४.६, −७४.५ आणि −७४.८५ असे आकडे एकाखाली एक दिलेले आहेत. त्यांतील बहुतेकांपुढे अनिश्चितता लिहिलेली असते, पुढच्या स्तंभांत तो कोणत्या पद्धतीने मिळाला याचा संक्षेप असतो, आणि शेवटी तो कोणी व कोणत्या वर्षी प्रसिद्ध केला याचा उल्लेख असतो. −७४.८५ हा आकडा प्रोसेन आणि रॉसिनी यांचा असून तो १९४५ सालचा आहे. हे दोघे निस्टच्याच पूर्वीच्या रूपातील ब्युरोमध्ये काम करीत. −७४.५ हा पिट्टम आणि पिल्चर यांनी १९७२ साली प्रसिद्ध केलेल्या ज्योत-कॅलरीमापीच्या (वायू ज्योतीत जाळून उष्णता मोजण्याच्या) प्रयोगांतून आलेला आहे. −७४.८७ हा कोणा एकाच्या प्रयोगातला नसून अनेकांच्या निष्कर्षांची छाननी करून जानाफ या ऊष्मारासायनिक संदर्भ-तक्त्यांनी स्वीकारलेला आकडा आहे. हे तक्ते मुळात अमेरिकी सैन्यदलांना रॉकेटच्या इंधनांचे गणित करण्यासाठी लागत होते. आपल्याकडील पुस्तकांत मिथेनसाठी सहसा −७४.८ छापलेले असते. विद्यार्थी जेव्हा मला विचारतो, की यातला खरा आकडा कोणता, तेव्हा मी त्याला सांगते, की हे सगळे मोजलेले आकडे आहेत आणि मोजमापाला नेहमी मर्यादा असते. पाठ्यपुस्तकातील तक्ता ही गोष्ट शिकवू शकत नाही, कारण तेथे प्रत्येक पदार्थापुढे एकच आकडा असतो आणि तो कोणी, कसा व कधी मोजला याचा काहीच मागमूस नसतो.

आता प्रत्यक्ष हिशेब करून पाहू, आणि त्यासाठी आपल्या घरातल्या सिलिंडरचे उदाहरण घेऊ. स्वयंपाकाच्या गॅसमध्ये मुख्यतः ब्यूटेन आणि प्रोपेन असतात. हिशेब सुटसुटीत राहावा म्हणून सगळे ब्यूटेनच आहे असे धरू. एक मोल ब्यूटेन साडेसहा मोल ऑक्सिजनमध्ये जळून चार मोल कार्बन डायऑक्साइड आणि पाच मोल पाणी देते. कार्बन डायऑक्साइडची निर्मिती-एन्थाल्पी −३९३.५१, द्रव पाण्याची −२८५.८३ आणि वायुरूप ब्यूटेनची −१२५.६ आहे, ऑक्सिजन हे मूलद्रव्य आपल्या प्रमाण अवस्थेत असल्यामुळे त्याची शून्य आहे. चार गुणिले −३९३.५१ म्हणजे −१५७४.०४, पाच गुणिले −२८५.८३ म्हणजे −१४२९.१५, आणि यांच्या बेरजेतून −१२५.६ वजा केल्यावर −२८७७.६ किलोज्यूल हे उत्तर येते. एक मोल ब्यूटेन ५८.१२ ग्रॅम भरते, म्हणून एका किलोमागे साधारण ४९.५ मेगाज्यूल आणि १४.२ किलोच्या सिलिंडरमागे सुमारे ७०३ मेगाज्यूल उष्णता मिळायला हवी.

शेगडीवर मात्र तयार होणारे पाणी द्रवरूप होत नाही. ते वाफेच्या रूपाने स्वयंपाकघराच्या हवेत जाते. पाचही मोल पाणी वाफ आहे असे धरले, तर मोलमागे २२० किलोज्यूल कमी होतात, किलोमागचा आकडा ४५.७ मेगाज्यूलवर येतो आणि सिलिंडरमागे सुमारे ५४ मेगाज्यूल हिशेबातून निघून जातात. शिवाय सिलिंडरमध्ये ब्यूटेन द्रवरूप असते आणि त्याचा वायू होताना मोलमागे २१ किलोज्यूलच्या आसपास उष्णता लागते. ती उष्णता सिलिंडरच्या धातूतून आणि भोवतालच्या हवेतून येते, म्हणूनच मोठ्या शेगडीवर बराच वेळ गॅस चालला की सिलिंडर बाहेरून गार पडतो आणि त्याला घाम सुटतो. वेबबुकच्या त्याच पानावर अवस्थाबदलाचा स्वतंत्र विभाग आहे, त्यामुळे हा धागाही पान न सोडता पुढे नेता येतो. मुलांना घरून सिलिंडरला हात लावून यायला सांगितले, की अवस्था लिहिण्याचे महत्त्व मला वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

याच पानावर ब्यूटेनची मोजलेली ज्वलन-एन्थाल्पीही आहे आणि आपण काढलेले उत्तर तिच्याशी अगदी जवळ जुळते. या जुळण्याने हुरळून जाऊ नये, असे मी मुद्दाम सांगते. ब्यूटेनची निर्मिती-एन्थाल्पी कोणी कार्बन आणि हायड्रोजन एकत्र करून मोजलेली नाही, कारण ग्रॅफाइट आणि हायड्रोजन यांच्यापासून नेमके ब्यूटेनच तयार व्हावे अशी अभिक्रिया कॅलरीमापीत घडवता येत नाही. तज्ज्ञांनी ब्यूटेन जाळून उष्णता मोजली आणि कार्बन डायऑक्साइड व पाणी यांचे ज्ञात आकडे वापरून उलट दिशेने ब्यूटेनचा आकडा काढला. आपण पुन्हा त्याच वाटेने परत येतो, म्हणून उत्तर जुळते. १८४० साली सेंट पीटर्सबर्ग येथे जर्मेन हेस यांनी मांडलेला नियम या पद्धतीच्या मुळाशी आहे. अभिक्रिया एका टप्प्यात होवो वा अनेक टप्प्यांत, तिची एकूण उष्णता तीच राहते, आणि म्हणूनच अभिक्रियाकारके कल्पनेत मूलद्रव्यांपर्यंत सुटी करून त्यांपासून उत्पादिते पुन्हा जुळवण्याची आपल्याला मुभा मिळते. या पद्धतीचे खरे सामर्थ्य जी अभिक्रिया थेट मोजता येत नाही तिथे दिसते. वेबबुकवर ज्वलनाचा आणि निर्मितीचा आकडा शेजारी-शेजारी असल्यामुळे कोणता आकडा मोजलेला आणि कोणता काढलेला, हा भेद डोळ्यांना दिसतो.

अनिश्चिततेचा स्तंभ कशासाठी आहे, हे पुढच्या उदाहरणाने जसे पटते तसे दुसऱ्या कशाने पटत नाही, म्हणून येथे मी थोडी अधिक रेंगाळणार आहे. सरळ साखळीच्या ब्यूटेनपासून आयसोब्यूटेन (तेच सूत्र, पण फांदी असलेली साखळी) तयार होण्याची उष्णता काढायची आहे. ब्यूटेनचा आकडा −१२५.६ आणि त्याची अनिश्चितता ०.६७, आयसोब्यूटेनचा −१३४.२ आणि अनिश्चितता ०.६३ आहे. दोन्ही पिट्टम आणि पिल्चर यांच्याच मालिकेतील आहेत. वजाबाकी −८.६ किलोज्यूल येते. दोन्ही अनिश्चितता परस्परांपासून स्वतंत्र धरून त्यांच्या वर्गांच्या बेरजेचे वर्गमूळ काढले, तर ते ०.९ च्या आसपास येते. म्हणजे ब्यूटेनच्या ज्वलनाच्या २८७८ किलोज्यूलमध्ये जी शंका हजारात एका भागाहूनही कमी होती, ती येथे दहा टक्क्यांवर पोचते. आकडे तेच, मोजणारे तेच, आणि काळजीही तेवढीच घेतलेली. पण दोन मोठ्या आणि जवळच्या संख्यांमधील लहान फरक काढताना अनिश्चितता उरते आणि संख्या मात्र आटते. समजा एखाद्या विद्यार्थ्याने ब्यूटेनचा आकडा एका तक्त्यातून −१२६.२ असा घेतला आणि आयसोब्यूटेनचा येथून −१३४.२ घेतला, तर उत्तर −८.० होईल, आणि त्याला आपले काही चुकले आहे याची शंकाही येणार नाही. एकाच हिशेबातील सगळे आकडे शक्य तोवर एकाच मालिकेतून घ्यावेत, हा नियम मी तोंडी सांगत असे. आता हे पान उघडून, आकड्यांसमोरची नावे आणि वर्षे दाखवून सांगते, आणि मुलांना तो अधिक पटतो असा माझा अनुभव आहे.

असेंद्रिय पदार्थांमध्ये मला चुनकळीचे उदाहरण सर्वांत प्रिय आहे, कारण भिंतींना चुना देण्यासाठी पिंपात चुनकळी भिजत घातली की विस्तवाशिवाय पाणी खदखदू लागते, हे पाहिलेली माणसे आजही गावोगावी आहेत. चुनकळी म्हणजे कॅल्शियम ऑक्साइड. तिची निर्मिती-एन्थाल्पी −६३५.०९ आहे आणि भिजल्यावर तयार होणाऱ्या कॅल्शियम हायड्रॉक्साइडची −९८६.०९ आहे. एकास एक असे समीकरण असल्यामुळे हिशेब लहान आहे: −९८६.०९ मधून −६३५.०९ आणि −२८५.८३ वजा केल्यावर −६५.१७ किलोज्यूल उरतात. एक किलो चुनकळीत १७.८ मोल असतात, म्हणजे सुमारे ११६० किलोज्यूल उष्णता बाहेर पडते. एक लिटर पाणी २५ अंशांपासून उकळबिंदूपर्यंत नेण्यासाठी सुमारे ३१४ किलोज्यूल लागतात. भांडे आणि चुना तापण्यात जाणारा वाटा बाजूला ठेवला, तरी एक किलो चुनकळी साडेतीन लिटर पाणी उकळीला आणण्याइतकी उष्णता देते. चुनकळी भिजवताना लहान मुलांना जवळ येऊ न देणाऱ्या आपल्या आज्यांना हे ठाऊक होते. त्याचे मोजमाप आपण तीन आकड्यांच्या बेरीज-वजाबाकीने करू शकतो, याचे मला दर वर्षी नव्याने कौतुक वाटते. रेल्वेचे रूळ जोडण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या थर्मिट अभिक्रियेचा (तीत ॲल्युमिनियम फेरिक ऑक्साइडमधील ऑक्सिजन घेऊन लोखंड मोकळे करते) हिशेबही असाच दोन आकड्यांत होतो: ॲल्युमिनियम ऑक्साइडचे −१६७५.६९ आणि फेरिक ऑक्साइडचे −८२५.५०, यांतील फरक −८५० किलोज्यूल.

येथवरचे सगळे २५ अंश सेल्सिअसचे होते. कारखान्यातील अभिक्रिया त्या तापमानाला होत नसतात, आणि वेबबुक शालेय तक्त्यांच्या फार पुढे जाते ते येथेच. ट्रॉम्बे आणि थळ येथील खत कारखान्यांत तयार होणाऱ्या अमोनियाचे उदाहरण घेऊ. अमोनियाची निर्मिती-एन्थाल्पी −४५.९० आहे, म्हणून एक मोल नायट्रोजन आणि तीन मोल हायड्रोजन यांपासून दोन मोल अमोनिया होताना −९१.८० किलोज्यूल, हे बारावीचे उत्तर झाले. प्रत्यक्षात संयंत्रातले तापमान ४०० ते ५०० अंश सेल्सिअसच्या दरम्यान असते. वेबबुकवर अनेक वायूंच्या पानांवर शोमेट समीकरणाचे स्थिरांक दिलेले आहेत; त्यांवरून पदार्थ २९८ केल्व्हिनपासून हव्या त्या तापमानापर्यंत तापवताना त्याची एन्थाल्पी किती वाढते, हे काढता येते. ७०० केल्व्हिन, म्हणजे ४२७ अंश सेल्सिअस, या तापमानासाठी मी हिशेब केला. नायट्रोजनची वाढ ११.९४, हायड्रोजनची ११.७५ आणि अमोनियाची १६.८७ किलोज्यूल आली. उत्पादितांच्या बाजूला दोन मोल अमोनियाचे ३३.७४ आणि अभिक्रियाकारकांच्या बाजूला ११.९४ अधिक तिप्पट ११.७५, म्हणजे ४७.१९, फरक −१३.४५. तो −९१.८० मध्ये मिळवल्यावर सुमारे −१०५ किलोज्यूल उत्तर येते. चार रेणूंचे दोन रेणू होत असल्यामुळे तापवताना अभिक्रियाकारके अधिक उष्णता साठवतात, आणि म्हणून उच्च तापमानाला अभिक्रिया अधिक ऊष्मादायी ठरते. संयंत्र थंड ठेवण्याची व्यवस्था आखणारा अभियंता ९२ चा आकडा घेऊन बसला, तर तो १३ टक्क्यांच्या जवळपास चुकेल.

या स्थिरांकांत तीन ठिकाणी पाय घसरतो, ते सांगून ठेवते. समीकरणात तापमान केल्व्हिनमध्ये घेऊन १००० ने भागलेले असते. ७०० च्या जागी ०.७ लिहायचे असते. नायट्रोजनसाठी तापमानाच्या पट्ट्यांनुसार स्थिरांकांचे वेगवेगळे संच आहेत, आणि ७०० केल्व्हिनला ५०० ते २००० चा संच घ्यावा लागतो, १०० ते ५०० चा नाही. शेवटच्या पदांत एक स्थिरांक अशा रीतीने वजा करायचा असतो, की २९८ केल्व्हिनला वाढ शून्य यावी. तो विसरला तर उत्तरात अमोनियाची निर्मिती-एन्थाल्पी दुसऱ्यांदा मिसळली जाते. समीकरण आणि चिन्हांचे अर्थ पानावरच लिहिलेले आहेत, पण ते लहान अक्षरांत आणि तक्त्याशेजारी आहेत, आणि घाईत ते वाचायचे राहून जातात. आधी २९८ घालून उत्तर शून्याच्या जवळ येते का, हे पाहण्याची सवय मी स्वतःला लावून घेतली आहे.

उणिवा आहेत, आणि त्या स्पष्टपणे नोंदवणे आवश्यक आहे. हे संकेतस्थळ अभिक्रियेची उष्णता स्वतः काढून देत नाही. काही अभिक्रियांचे मोजलेले आकडे तेथे आहेत, पण आपले समीकरण घालून उत्तर मागण्याची सोय नाही. बेरीज-वजाबाकी आपली आपण करायची. शिक्षिका म्हणून मला यात काही वाईट दिसत नाही, पण दिवसाला पन्नास अभिक्रियांचे हिशेब करणाऱ्याला ते जाचेल. पाण्यात विरघळलेल्या आयनांच्या निर्मिती-एन्थाल्पीसाठीही येथे येऊ नये, कारण संग्रहाचा भर वायुरूप आणि शुद्ध पदार्थांवर आहे. आम्ल आणि आम्लारी यांच्या उदासिनीकरणाचा प्रयोग बारावीला करताना हायड्रॉक्साइड आयनाचा −२३०.०२ हा आकडा लागतो. तो कोडाटा या वैज्ञानिक आकडेवारीच्या आंतरराष्ट्रीय समितीच्या १९८९ च्या निवडक मूल्यांच्या यादीत मिळतो आणि त्यावरून पाणी तयार होण्याची उष्णता −५५.८ येते. क्षार आणि खनिजे यांच्या बाबतीतही संग्रह सेंद्रिय पदार्थांइतका भरलेला नाही.

काही पानांवर अनेक मोजमापांची सरासरी घेऊन एकच आकडा पुढे ठेवलेला आहे. द्रव इथेनॉलसाठी तो −२७६ असून अनिश्चितता २ किलोज्यूल आहे; पाठ्यपुस्तकांत साधारणतः −२७७.७ असतो. इथेनॉलच्या ज्वलनाचे उत्तर त्यामुळे −१३६८.५ किंवा −१३६६.८ असे दोन प्रकारे येते. सरासरीमागचे सुटे आकडे पाहण्याची सोय दिलेली आहे, पण ती एक पायरी आत आहे, आणि नवख्या विद्यार्थ्याला इतका सैल आकडा प्रथम दिसल्यावर तो गोंधळतो. माझ्या मते अशा ठिकाणी छाननी केलेला आकडा आधी आणि सरासरी नंतर द्यायला हवी होती. पद्धतींच्या स्तंभातील संक्षेप उलगडण्यासाठीही सवय लागते. मांडणी जुन्या वळणाची आहे, आणि भ्रमणध्वनीच्या पडद्यावर रुंद तक्ते आडवे सरकवत वाचावे लागतात. सगळे इंग्रजीत आहे, हे निराळे सांगायला नको. दहावीपर्यंत मराठी माध्यमातून शिकून आलेल्या मुलाला पदार्थाचे इंग्रजी नाव सुचत नसेल, तर त्याने रासायनिक सूत्राने शोध घ्यावा, तो मार्ग अधिक सुरक्षित आहे.

ज्यांना लहान रेणूंसाठी याहून काटेकोर आकडे हवे आहेत, त्यांनी शिकागोजवळच्या अर्गॉन नॅशनल लॅबोरेटरीचे ॲक्टिव्ह थर्मोकेमिकल टेबल्स हे संकेतस्थळ पाहावे. तेही मोफत आहे. एका पदार्थावरून दुसऱ्याचा, दुसऱ्यावरून तिसऱ्याचा असा साखळीने आकडा न काढता, उपलब्ध सगळी मोजमापे आणि गणिती अंदाज यांचे एक जाळे विणून ते एकत्रच सोडवण्याची पद्धत तेथे वापरली जाते. मिथेनचा आकडा त्या पद्धतीने −७४.५ च्या आसपास स्थिरावतो, म्हणजे १९७२ च्या मोजमापाच्या बाजूने. त्या संकेतस्थळाचा रोख मात्र संशोधकांकडे आहे. पदार्थाचे एकच आटोपशीर पान उघडून वर्गात दाखवायचे झाल्यास मी वेबबुककडेच वळते.

बारावीच्या परीक्षेसाठी आणि सीईटीसाठी या संकेतस्थळाचा उपयोग मर्यादित आहे, हे पालकांनी लक्षात घ्यावे. प्रश्नपत्रिकेत आकडे दिलेले असतात आणि तेच वापरायचे असतात, वेबबुकवर −७४.८७ आहे म्हणून दिलेला −७४.८ खोडण्याचे कारण नाही. रासायनिक अभियांत्रिकीला किंवा पदवीच्या दुसऱ्या वर्षाला गेलेल्या विद्यार्थ्याने मात्र हे पान हाताशी ठेवावे, आणि वहीत आकडा उतरवताना त्याच्यापुढे अवस्था, अनिश्चितता आणि वर्ष या तीन गोष्टी लिहाव्यात. माझ्या वर्गात त्यासाठी आता पाच रकान्यांचा तक्ता आखला जातो. गेल्या सत्रात एका मुलीने त्या तक्त्यातल्या पाण्याच्या ओळीपुढे द्रव आणि वायू असे दोन्ही आकडे लिहून ठेवले होते, आणि चुनकळीच्या उदाहरणात वाफेचा आकडा घेतला तर उत्तर −१०९ येते, हे तिने आपणहून काढून आणले होते.